नव्या पालकांनी धरून चालायच्या गोष्टी

बाईनं त्याचं नाव विचारलंच नाही. "तुमचं काय वाजवतं?" एवढंच विचारलं. रॉइस टॅकेटच्या आधी डोक्यातच शिरेना. आपलं काय वाजणार? मग बाईनंच त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोरीकडे, डेलियाकडे, तिच्या हातातल्या काळ्या पेटीकडे पाहिलं, "क्लॅरिनेट होय," म्हणाली, हातातल्या यादीवर बोट फिरवलं आणि जांभळ्या चिठ्ठीवर जाड अक्षरात लिहिलं, 'क्लॅरिनेट १७'. ती चिठ्ठी तिनं सरळ त्याच्या छातीवर चिकटवली आणि तळव्यानं दोनदा थापटली. घोड्याला थापटावं तसं. रॉइस एकेचाळीस वर्षांचा होता, टल्सा शहराच्या निम्म्या पूर्व भागातले एसी त्याच्या हाताखालून गेले होते, लोक त्याला माळ्यावर चढायला शिडी धरून उभे राहायचे आणि 'मिस्टर टॅकेट, थंड पाणी आणू का' असं विचारायचे. इथे तो क्लॅरिनेट सतरा झाला. आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांच्या छातीवर तेच. ट्रंबोन तीन. ढोल दोन. एक गलेलठ्ठ माणूस 'बासरी ९' लावून खुशाल हसत होता. रॉइसच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथेच, दारात. पुढचं सगळं तो त्या तिडकीतूनच ऐकत गेला.

ऐकण्यासारखं होतं तरी काय. हायस्कूलच्या मैदानात चालत वाजवणाऱ्या बँडची नव्या पालकांची सभा. जुलै संपत आलेला, गुरुवारची दुपार, बँडच्या मोठ्या खोलीत दोनशे खुर्च्या आणि छताला अपुरा एसी. अपुरा म्हणजे किती अपुरा ते रॉइसला आवाजावरून कळत होतं, कंप्रेसर धापा टाकत होता. पुढे तीच चिठ्ठीवाली बाई माइक घेऊन उभी. बेव्हर्ली स्टॅम्पर. पालक मंडळाची अध्यक्ष. तीन मुलं बँडमधून काढली म्हणे हिनं, मुली उजवाव्यात तसा आव. "नवे पालक कोण कोण? हात वर! अगं बाई, बिचारे." सगळे हसले. "तर धरून चाला. एक, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तुमच्या गाडीला घामट मोज्यांचा वास येणार. तो जाणार नाही. गाडी विका. दोन, मूल जेवताना टेबलाखाली पाय हलवेल, आठ आठ मोजेल. डॉक्टरकडे नेऊ नका. तीन, तुम्ही स्टेडियममध्ये बसाल, तीनशे मुलं मैदानात येतील, सगळ्यांचा एकच पोशाख, केस टोपीत कोंबलेले, आणि तुम्हाला तुमचं मूल सापडणार नाही. सापडलं तर समजा ते चुकतंय." परत हशा. रॉइसच्या शेजारची बाई तर डोळे पुसत होती हसून. त्याला हे हसणं ओळखीचं वाटलं. कोर्टाबाहेरच्या बाकावर वकील लोक असंच हसायचे, दुसऱ्याचं काहीतरी काढून घेतल्यावर.

मग भिंतीवर कॅलेंडर आलं. चार महिने. त्यातले सगळे शनिवार जांभळे. एक पांढरा नाही. रॉइसनं मोजले, मग परत मोजले, जसं काही दुसऱ्यांदा एखादा सुटून येईल. पहिला, तिसरा, पाचवा. हे त्याचे होते. घटस्फोटात न्यायाधीशानं चष्म्यावरून बघत वाचून दाखवले होते, महिन्याचा पहिला, तिसरा आणि असला तर पाचवा शनिवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात, वडिलांकडे. शेरिल, म्हणजे त्याची बायको, म्हणजे तेव्हाची, खाली बघून मान हलवत होती. त्या वाक्यासाठी तो अकरा महिने भांडला होता. घर गेलं तर गेलं म्हणाला, कुत्रा गेला, तोही जाऊ दे, पण शनिवार द्या. पाचवा शनिवार वर्षातून चार-पाचदाच येतो आणि तो आला की रॉइस आदल्या सोमवारपासून गाणी म्हणायचा माळ्यावर, पन्नास अंशात, उष्णता अडवणाऱ्या काचेच्या लोकरीत मनगटापर्यंत हात घालून. आता ही मोज्यांचे विनोद करणारी बाई एका काठीनं ते शनिवार दाखवत होती. इथे सराव, इथे स्पर्धा, इथे बसनं टेक्सस, परत यायला पहाट. "आणि या कागदावर दोन्ही घरांच्या सह्या," ती म्हणाली. 'दोन्ही घरांच्या' म्हणताना आवाज हळू केला, मयताला आल्यासारखा. "शनिवारी दुपारी बारापर्यंत. सही नाही तर जागा नाही. अकरा मुलं जागेची वाट बघत काठावर उभी आहेत, तेव्हा आठवण करायला फोन करणार नाही हं."

कागदावर शेरिलची सही आधीच होती. गोल, निळी, आनंदी.

ट्रकमध्ये डेलिया बसली तशी खरंच मोज्यांचा वास आला. चौदा वर्षांची पोर, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा, गळ्यात दोरीला अडकवलेली, कुठे किती पावलं टाकायची ते लिहिलेली छोटी वही. गुडघ्यावर बोटं आपटत होती. आठ. परत आठ.

"कशाला हवंय हे?" त्यानं विचारलं.

"काय कशाला?"

"हेच. उन्हात उलटं चालायचं. लष्करात जायचंय का तुला?"

"उलटं फक्त सोळाव्या पानावर आहे, डॅडी."

"शनिवारी तळ्यावर जायचंय आपल्याला. पहिला शनिवार आहे. माझा."

तिनं बोटं थांबवली. "तुझा म्हणजे? मी नाही का त्यात?"

"तू आहेस म्हणून तर माझा."

"सही कर ना फक्त," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मम्मीनं वाचलं पण नाही. लगेच केली."

तेच तर. शेरिलला काय जातंय सही करायला. तिचे सोमवार ते शुक्रवार शाबूत. कागद त्यानं घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दोन दिवस तो खिशातच होता, लोकांच्या माळ्यांवर घामानं भिजत, वाळत. बँडबद्दल त्याच्या मनात जी अढी होती ती काही कालची नव्हती. हायस्कूलात असताना शुक्रवारी मॅचच्या वेळी तो आणि त्याचे दोस्त बँडच्या वरच्या रांगेत मुद्दाम बसायचे. खाली एक पोरगा अंगाभोवती वेटोळं घातलेला तो मोठा पितळी भोंगा घेऊन उभा असायचा, भोंग्याचं तोंड नेमकं वर. त्यात शेंगांची टरफलं टाकायची. मग बर्फ. एकदा रॉइसनं अख्खा ग्लास कोला ओतला. पोरगा थांबला नाही. गुळगुळ आवाज येत राहिला भोंग्यातून, त्याच्या कानामागून पाणी ओघळत होतं, आणि तो वाजवत राहिला, समोर बघत. सगळे हसून लोळले. रॉइस पण हसला, पण त्याला आत कुठेतरी राग आला होता त्या पोराचा. का वळला नाही? माणसासारखं वळून आईवरून शिवी दिली असती तर मामला मिटला असता. त्या न वळण्यामुळे रॉइसला वाटलं होतं की आपण तिथे नव्हतोच. हे त्याला आता, पंचवीस वर्षांनी, कुणाच्या तरी तुंबलेल्या पाइपात तार घालताना आठवलं आणि तार त्यानं जरा जास्तच जोरात ढकलली.

शनिवारी सात वाजता त्यानं तिला शेरिलच्या दारातून उचललं. हातात पेटी, पाण्याचा चार लिटरचा बुधला, वही गळ्यात. आठला सराव. ती बसल्या बसल्या वही उघडून पुटपुटायला लागली आणि रॉइसनं ट्रक महामार्गाला घातला. त्यानं ठरवलं होतं असं नाही. म्हणजे ठरवलं होतं. कोंबडीच्या काळजाचा डबा मागे बर्फात होता, गळ होते, दोन खुर्च्या होत्या. मी काही चोरून नेत नाहीये, तो मनात म्हणत होता, न्यायाधीशानं दिलेला दिवस आहे, कागद आहे माझ्याकडे. नदी ओलांडली, तेलाच्या कारखान्याचा वास आला तेव्हा डेलियानं मान वर केली.

"डॅडी, शाळा मागे राहिली."

त्यानं वेग वाढवला.

"डॅडी."

"एक दिवस. एका दिवसानं काय होतं त्यांचं? तीनशे पोरं आहेत."

त्याला वाटलं ती रडेल. ओरडेल. त्यानं उत्तरं तयार ठेवली होती, रडण्याला एक आणि ओरडण्याला एक. तिनं वही मिटली, पेटी मांडीवर घेतली आणि समोर बघत बसली. चाळीस मिनिटं. रेडिओ लावला तरी नाही, तिच्या आवडीचं लिंबाचं बर्फाळ सरबत पंपावरून घेतलं तरी नाही, ते कपाच्या खाचेत वितळत राहिलं. तळ्याकाठी गाडी लावली, त्यानं खुर्च्या मांडल्या, गळाला काळीज लावलं. बोटांना रक्त. आजूबाजूला लोकांच्या शेगड्या पेटत होत्या, कुणाचं तरी पोर पाण्याला घाबरून किंचाळत होतं. आधीचे शनिवार त्याला आठवायला लागले. ती लहान असताना काळजाला हात लावायची नाही, ई म्हणायची. मग मोठी झाल्यावर ट्रकमध्येच बसायची, पाय डॅशबोर्डवर, पुस्तक वाचत, आणि तो काठावरून ओरडायचा, 'लागला बघ, लागला!' आणि ती खिडकीतून अंगठा दाखवायची. त्याच्या डोक्यात ते सगळे शनिवार 'आम्ही दोघं मासे धरतो' असे साठवलेले होते. आता नीट बघितलं तर त्या चित्रात मासे धरणारा एकच होता.

मागे खडी वाजली. वळून बघितलं तर डेलिया गाड्या लावायच्या जागेत उतरली होती. क्लॅरिनेट तोंडाशी धरलेलं, पण वाजवत नव्हती. चालत होती. पाय गुडघ्यात न मोडता, टाच टेकवून, आठ पावलं तिरकी, मग थांबून खांदा वळवून परत आठ. एका जागी ती थबकली, कुणाला तरी वाट दिली आणि मग पुढे सरकली. समोर कुणीच नव्हतं. एक म्हातारा बर्फाची पेटी ओढत चालला होता, तो बघत उभा राहिला.

रॉइस जवळ गेला. "कुणासाठी थांबलीस?"

"वेंडेल." ती वळली नाही. "तो इथून जातो. त्याच्या मागून प्रिसिला."

"इथे कुणी नाहीये, डेलिया."

"तिकडे मी नाहीये," ती म्हणाली. "ते पण थांबत असतील."

परत आठ पावलं. ती दहा पावलांवर होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढी जवळ, त्याच्याच शनिवारात, कायदेशीर, आणि तरी नव्हती. तिला इथे आणून त्यानं काहीच आणलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कुणावर काढावी कळेना. त्यानं गळ ओढून घेतले, काळजाचा डबा होता तसा कचऱ्यात टाकला. "बस गाडीत," तो ओरडला. "बस म्हणतो ना! तुझ्या त्या वेंडेलच्या..." पुढचं त्यानं गिळलं.

साडेदहाला ते शाळेच्या मागच्या डांबरी पटांगणात पोहोचले. इथेच सराव चालायचा, डांबरावर मैदानासारख्या, आकडे घातलेल्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. वर लोखंडी मचाणावर मिस्टर लुसेरो, बँडचे मास्तर, टोपी घालून माइकवर. स्पीकरमधून तालाची टक टक टक टक, घड्याळाला ताप आल्यासारखं. तीनशे मुलं हलत होती. रॉइसनं ट्रकमधूनच बघितलं आणि पहिल्यांदा त्याच्या नजरेत भरली ती एक बाई. मुलांच्या ऐन मधे, मोठी गवती हॅट, जांभळा टी-शर्ट घामानं काळा झालेला. बेव्हर्ली स्टॅम्पर. लंगडत, फेंगडत, हातातल्या कागदाकडे बघत आठ आठ पावलं टाकत होती. आजूबाजूची पोरं तिच्यावरून अंतर धरत होती. वेंडेल कोण ते लगेच कळलं, तो तिच्या पुढून गेला आणि ती थबकली.

"ती माझी जागा आहे," डेलिया हळूच म्हणाली. "दोन पावलं मागे पडलीये ती."

सराव क्षणभर थांबला तशी बेव्हर्ली गुडघा धरत काठावर आली. विनोद संपले होते तिचे. "आलात? बारा वाजायला दीड तास आहे अजून. काठावरची एक पोर सकाळपासून बूट घालून उभी आहे, मी म्हटलं थांब जरा." मग डेलियाला, "बाळा, उशिरा आलेलं मूल सुट्टीनंतरच आत. नियम ठाऊक आहे ना? अकराला." मग रॉइसकडे वरपासून खालपर्यंत बघून, "आणि माझा गुडघा गेला. उशिरा आणलंत कुणी?"

"म्हणजे?"

"म्हणजे अकरापर्यंत तिथे कुणीतरी उभं राहायला हवं. नवी पोरं शेजाऱ्याला बघून चालतात. मधे भोक राहिलं तर आजूबाजूचे सहा जण चुकतात. रीत आहे इथली. ज्याचं मूल नाही, त्यानं भरायचं."

"मी एसी दुरुस्त करतो, मॅडम."

"मी दातांच्या दवाखान्यात बसते, मिस्टर टॅकेट. चला."

तो साफ नाही म्हणणार होता. जिभेवर आलंच होतं. पण डेलियानं गळ्यातली वही काढून त्याच्या हातात दिली होती, एकोणिसाव्या पानावर बोट घालून. आणि तिच्या चेहऱ्यावर विनवणी वगैरे काही नव्हतं, फक्त घाई होती. नळ दुरुस्त करणाऱ्याला पाना द्यावा तशी.

आत जाईपर्यंत त्याला वाटत होतं की सगळे आपल्याकडे बघतील. कुणी बघितलं नाही. डांबराची धग बुटातून वर आली. वहीत तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, चाळिसाच्या रेघेच्या आत दोन पावलं, पुढच्या काठापासून सहा. तो तिथे उभा राहिला. समोर एका पोराची मान, तिच्यावर उन्हानं सोललेली कातडी. डावीकडे एका मुलीचं कोपर. बस, एवढंच दिसत होतं. ह्यासाठी? मचाणावरून आवाज आला, टकटक सुरू झाली आणि सगळं एकदम सुटलं. चारी बाजूंनी पितळ ओरडायला लागलं, मागचा ढोल त्याच्या बरगड्यांत वाजला. "डावा, डॅडी, डावा!" काठावरून डेलिया. त्यानं डावा टाकला. पाच, सहा. मान दूर गेली, दुसरी मान आली. सात. कोपर नेमकं तेवढ्याच अंतरावर. तिरकं. थांब, वेंडेल. वेंडेल गेला, त्याच्या घामाचा वास गेला, मागून चष्मेवाली मुलगी गेली, ती प्रिसिला असणार, आणि दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे न बघता त्याला पुरेल एवढी वाट सोडली. त्याला इतकं चमत्कारिक वाटलं ते. लग्नात चौदा वर्षं राहून त्याला कुणी एवढी नेमकी जागा सोडली नव्हती. तो हरखला आणि हरखल्या हरखल्या चुकला. मान वळवून काठावर डेलियाला शोधायला गेला. ट्रंबोनची दांडी सपकन कानशिलात बसली.

"सॉरी, सर," मागचा पोरगा दोन फुंकांच्या मधे कसंबसं म्हणाला आणि पुढे गेला. थांबला नाही.

"मागे बघायचं नसतं!" डेलिया किंचाळली.

डोळ्यांपुढे काजवे. कान तापला. आणि पाय चालूच. सहा, सात, आठ. थांबलं तर आजूबाजूचे सहा जण चुकतात. मचाणावरून लुसेरोंचा कंटाळलेला आवाज आला, "क्लॅरिनेट सतरा, समोर." आणि क्लॅरिनेट सतरा समोर बघत गेला.

अकराला टकटक बंद पडली. मुलं बुधल्यांकडे पळाली. रॉइस तिथेच उभा. श्वास लागला होता, शर्ट पाठीला चिकटलेला, कानातून कुंई आवाज येत होता. डेलिया काठावरून आली, क्लॅरिनेट जोडून तयार, आणि त्याच्या समोर येऊन थांबली.

"हल," ती म्हणाली.

काय झालं कुणास ठाऊक, त्याला हलवेना. "आज माझा शनिवार आहे," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा लहान निघाला. "नाही हललो तर?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच. नाकावरचा सनस्क्रीन घामानं ओठांपर्यंत उतरला होता.

"घरं दोन आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "दोन खोल्या, दोन ब्रश, दोन ख्रिसमस. ही जागा एकच आहे. तू इथे उभा राहिलास तर मी कुठे जाऊ?"

वर्षभर तो वकिलाला विचारत होता माझं काय, माझं काय. पोरीनं पण कुणालातरी हे विचारलं असेल असं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं वही तिच्या गळ्यात घातली, वेणी दोरीतून बाहेर काढून दिली, आणि बाजूला झाला. बाजूला होताना पण कळेना पाय कुठे ठेवावा. डांबरावर हात-दीड हातावर खडूच्या फुल्या होत्या, प्रत्येकीला एक आकडा. त्या चुकवत, टाचा उचलत, तो काठापर्यंत गेला. बेव्हर्लीच्या पाठीमागे एक बारकी मुलगी पांढरे बूट घालून उभी होती. तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. त्यानं खिशातून कागद काढला, घामानं त्याचा लगदा व्हायचा बाकी होता, बेव्हर्लीच्या पाठीवर, तिनंच वाकून पाठ दिली म्हणून, ठेवला आणि सही केली. पेनचं टोक कागदातून आरपार गेलं. "घ्या," तो म्हणाला. "झालं समाधान?"

"छे," बेव्हर्ली म्हणाली. "मला कुठे समाधान. नोव्हेंबरपर्यंत थांबा, तुम्हाला पण नाही राहणार." आणि त्या बारक्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेली. मुलगी वळून वळून मागे बघत होती. तिच्याही घरी कुणीतरी आज सही घेऊन बसलं असेल, रॉइसच्या मनात आलं, आणि त्यानं नजर काढून घेतली.

मुलं परत आत गेली. लुसेरो म्हणाले, "पहिल्यापासून." रॉइस काठावर टाचा उंच करून उभा राहिला. चाळिसाच्या रेघेच्या आत दोन, पुढून सहा. पाठ होतं त्याला. टकटक सुरू झाली आणि सगळे एकदम हलले, वळले, एकमेकांतून गेले. त्यानं रेघ शोधली. रेघेवर माणसंच माणसं. ही वेणी? नाही, ती प्रिसिला. ती? सकाळी ट्रकमधून त्याला एका नजरेत कळलं होतं पोरीची जागा कुठे आहे, कारण तिथे ती नव्हती. आता ती होती. मघाशी तो स्वतः जिथे उभा होता, जिथे त्यानं कानशिलात खाल्ली, ती जागा त्याला शोधून सापडेना. त्यानं हात वर केला, हाक मारायला तोंड उघडलं. मग आठवलं, हाकेला वळली तर ती चुकेल. त्यानं तोंड मिटलं आणि तीनशे पोरांकडे, एकालाही न ओळखता, बघत राहिला.